वाऱ्याची वाटी

"एक, दोन, तीन... उचला!"

चौघांनी मिळून जोर लावला, पण कुत्रा तसूभरही हलला नाही. त्याने मान वळवून त्या चार वेड्यांकडे पाहिलं आणि एक लांब सुस्कारा सोडला.

"तो काय कपाट आहे का?" प्राण्यांच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "काट्यावर गाजराचा तुकडा ठेवा. आपणहून चढेल."

खरंच चढला. आकडा आला एक्केचाळीस किलो.

डॉक्टरीणबाईंचं हसू मावळलं. "ह्याचे गुडघे कुरकुरायला लागलेत. तुमची सुट्टी आठ आठवड्यांची ना? तेवढ्यात छत्तीसवर आणा, म्हणजे कायमचं घर शोधता येईल. इतका जाड कुत्रा कोणी नेत नाही, आणि प्राण्यांच्या निवाऱ्यात ह्याला फिरवायला माणूस नाही. नाही जमलं, तर उरलेलं आयुष्य पिंजऱ्यात काढेल."

हे ऐकून चौघंही कुत्र्याच्या आणखी जवळ सरकली. चौघं म्हणजे तेरा वर्षांची कप्तान, जिच्या घरी कुत्रा सुट्टीभर राहणार होता. तिचा आठ वर्षांचा भाऊ चिमणा. शेजारचा वकील, जो भिंतीशीही वाद घालेल. आणि जाड भिंगांच्या चष्म्याची दुर्बीण, जिच्या नजरेतून मुंगीसुद्धा सुटत नसे. कुत्र्याचं खरं नाव कोणालाच ठाऊक नव्हतं. निवाऱ्यातले लोक त्याला 'पिंप' म्हणत. त्याच्या कागदावर एवढंच होतं : 'वडील सतत खायला घालतात, सांगून ऐकत नाहीत. मुलाने आणून सोडला.'

पहिला आठवडा चौघांनी घाम गाळला. पिंपाला रोज कोपऱ्यावरच्या टपालपेटीपर्यंत चालवलं. रविवारी मोठ्या ऐटीत काट्यावर चढवलं, तर आकडा बेचाळीस!

"घरात कोणीतरी फितूर आहे," कप्तानने स्वयंपाकघरात दरबार भरवला.

"आरोपी आई," वकील म्हणाला. "मोठी माणसं 'एवढंसंच' म्हणून देतात."

"मी त्या वाटीला हातही लावत नाही हं," कप्तानची आई भांडी पुसता पुसता म्हणाली. "उगाच माझ्यावर आळ नको."

दुर्बीणने चष्मा वर सरकवला. "आज सकाळी ह्याला खायला कोणी घातलं?"

"मी," चौघंही एकदमच बोलली. दुर्बीणसुद्धा.

त्याचं असं झालं होतं, की जो येई त्याला रिकामी वाटी दिसे आणि वाटीपाशी बसलेला केविलवाणा चेहरा. मग ज्याला त्याला वाटे, बाकीचे विसरले. चौघं हसून हसून लोळली. पिंप मात्र पाचव्या वाटीची वाट बघत होता.

तोड चिमण्याने काढली. वाटीच्या वर भिंतीत खिळा ठोकला आणि त्याला दोरी बांधली. सकाळी खायला घातलं की दोरीला कपड्यांचा एक चिमटा लावायचा, संध्याकाळी दुसरा. झोपताना दोन्ही काढायचे. चिमटा दिसला की वाटी भरायची नाही, मग स्वारी कितीही तोंड पाडो.

चिमट्यांनी काम चोख केलं. आकडा एक्केचाळीसवर आला, मग चाळीसवर. पिंप टपालपेटी ओलांडून बागेपर्यंत जाऊ लागला. पण दुर्बीणच्या डोक्यातून एक गोष्ट जाईना.

"आपण चौघं होतो म्हणून चार वाट्या झाल्या," ती म्हणाली. "ह्याला खायला घालणारे तर एकटे वडीलच होते. एकटा माणूस चारदा कसा जेवू घालेल?"

"लाड, दुसरं काय," वकील म्हणाला.

"लाडावलेला कुत्रा आपल्या ताटाशी घुटमळतो. हा तसं करत नाही. हा दिवसातून पाच-सहा वेळा वाटीपाशी शहाण्यासारखा येऊन बसतो, जेवायची वेळ झाल्यासारखा. आणि हा पट्टा बघ. मध्ये नव्या चामड्याचा तुकडा जोडलाय. कोणी जोडला, ते शोधू या."

चपला शिवणारे काका बाजाराच्या तोंडाशी बसत. त्यांनी पट्टा उलटासुलटा करून पाहिला.

"शिवण माझीच आहे. हा वाऱ्याचा पट्टा."

पिंपाने कान टवकारले. तो धडपडत उठला आणि इकडेतिकडे बघू लागला. पाच आठवडे चौघं त्याला पिंप म्हणत होती आणि त्याने एकदाही वळून पाहिलं नव्हतं. चिमण्याला अगदी लाजल्यासारखं झालं.

"लहान असताना सुसाट पळायचा, म्हणून वारा," काका म्हणाले. "आजोबा मोठे गमतीदार. पट्टा घेऊन गेले, आणि दुसऱ्या दिवशी हजर. 'पट्टा झाला का?' तिसऱ्या दिवशीही तेच. मी म्हटलं, थट्टा करतायत म्हातारबाबा."

वकील हसला. दुर्बीण हसली नाही. "काका, त्यांचं घर कुठे आहे?"

दुसऱ्या दिवशी दुपारी चौघं गल्लीच्या टोकाच्या बैठ्या घराच्या कुंपणाआड दबा धरून बसली. वाऱ्याला आईपाशी ठेवलं होतं. थोड्या वेळाने दार उघडलं. इस्त्रीचा सदरा घातलेले एक आजोबा ताटली घेऊन बाहेर आले. "वारा, जेवायला चल," त्यांनी हाक मारली, ताटली पायरीवर ठेवली, थोडं थांबले आणि आत गेले. दहा मिनिटांनी पुन्हा दार उघडलं. पुन्हा ताटली आणि तीच हाक.

"आधीच्या धरून पायरीवर आता चार ताटल्या आहेत," दुर्बीण पुटपुटली. "चारही भरलेल्या."

"घातलेलं त्यांना आठवतच नाही," कप्तान म्हणाली. "आणि कुत्रा नाही, हेही."

चिमणा रडायला लागला.

आजोबांचा मुलगा चष्म्याचं दुकान चालवत असे. जगाला नीट दिसावं म्हणून भिंगं विकणारा तो माणूस दिवसभर दुकानात असायचा आणि घरी यायचा तो ताटल्या पाहून चिडायलाच. चौघं दुकानात गेली तेव्हा तो वैतागला.

"घालतात आणि वर 'मी घातलंच नाही' म्हणतात. म्हणून नेला कुत्रा. मुलांनो, तुम्ही ह्यात पडू नका."

"नाही पडत," वकील म्हणाला. "फक्त अर्धा तास आमच्याबरोबर कुंपणाआड बसा. आम्ही चूक असलो, तर सुट्टीभर तुमच्या दुकानाच्या काचा पुसू."

फुकटात काचा पुसून मिळणार म्हणून असेल, पण तो आला. पहिल्या ताटलीला त्याने कपाळाला आठ्या घातल्या. दुसरी आली तशी त्याने मान खाली घातली. तिसऱ्या ताटलीला आजोबा पायरीवरच बसले आणि म्हणाले, "रुसलास का रे? सकाळपासून उपाशी आहेस."

"मी त्यांना खोटारडे म्हणालो," मुलगा हळूच म्हणाला. "कुत्रा नेला तेव्हा ते रडत होते, तरी म्हणालो."

त्याच आठवड्यात त्याने वडिलांना दवाखान्यात नेलं. आजार विसरण्याचा होता. तो पूर्ण बरा होणारा नव्हता, आणि ही गोष्ट मुलांपासून कोणी लपवली नाही.

सुट्टीच्या शेवटच्या रविवारी काट्यावर आकडा आला छत्तीस. डॉक्टरीणबाईंनी चौघांच्या पाठी थोपटल्या. "आम्ही मोठ्यांनी कागद वाचला. तुम्ही कुत्रा वाचलात. शाब्बास." आजोबांचा मुलगा, म्हणजे चष्मेवाले काका, मान खाली घालून उभे होते. वाऱ्याला ते घरी नेणार होते. दिवसा आजोबांच्या सोबतीला एक बाई येऊ लागल्या होत्या.

शाबासकी गोड लागली नाही. चिमणा आदल्या दिवसापासून नीट जेवला नव्हता. आपण ठेवून घेऊ या का, असं त्याने आईला तीनदा विचारलं होतं. तिने तिन्ही वेळा त्याला जवळ घेतलं होतं आणि नाहीच म्हटलं होतं.

आजोबांच्या गल्लीत शिरताच वाऱ्याने दोरीला हिसका दिला. चिमण्याच्या हातून दोरी सुटली. आणि ज्याला आठ आठवड्यांपूर्वी चौघांना उचलता आलं नव्हतं, तो कुत्रा पळाला. कान मागे टाकून थेट पायरीपर्यंत.

पायरीवर बसलेल्या आजोबांनी त्याला नीट न्याहाळलं. "कोणाचा हा?"

"तुमचाच आहे, आजोबा. वारा," कप्तान म्हणाली.

"छे, छे. माझा वारा चांगला गुबगुबीत आहे. बाहेर गेलाय, येईल एवढ्यात."

चष्मेवाल्या काकांनी तोंड फिरवलं. चौघांनी सुट्टीभर ज्यासाठी घाम गाळला होता, त्यामुळेच आजोबांना त्यांचा कुत्रा ओळखता येत नव्हता. कप्तानला वाटलं, पाच किलो उगाच उतरवले.

वाऱ्याला मात्र ह्यातलं काही कळलं नाही. त्याने आजोबांच्या गुडघ्यावर हनुवटी टेकली. आजोबांचा हात आपसूक त्याच्या डाव्या कानामागे गेला आणि तिथेच खाजवू लागला. वाऱ्याने डोळे मिटले. ही जागा दोन महिन्यांत चौघांपैकी एकालाही सापडली नव्हती.

"गुणी आहे हो," आजोबा म्हणाले. "जेवलायस का रे तू?"

चिमण्याने दाराजवळच्या भिंतीत खिळा ठोकला, दोरी बांधली आणि खिशातला चिमटा लावला. "हे बघा आजोबा, चिमटा आहे. म्हणजे जेवला."

आजोबांनी चिमट्याकडे बघून समाधानाने मान डोलावली. मग थोडा वेळ खाजवत बसले.

"जेवला का हा?"

चिमणा त्यांच्याशेजारी पायरीवर बसला. आजोबांनी पहिल्यांदाच विचारल्यासारखं त्याने उत्तर दिलं.

"हो आजोबा. आत्ताच जेवला."