सोडतीचा साक्षीदार

"अहो, हात लावू नका त्याला!"

ती इतक्या जोरात ओरडली की त्या तरुणाच्या हातातला चेंडू निसटला, टेबलावर टणटण उडाला आणि नेमका तिच्याच ओंजळीत येऊन पडला.

लॉटरीची सोडत जिथे निघे, त्या काचेच्या खोलीत तिचं राज्य होतं. आकड्यांचे चेंडू तोलायचे, पुसायचे, यंत्रात सोडायचे हे तिचं काम. सगळे तिला चेंडूवालीच म्हणत. आणि हा होता नवा साक्षीदार. सोडतीत काही काळंबेरं नाही ना, हे बघायला बाहेरच्या एका कचेरीतून हिशेबतपासनीस येत असे. नेहमीचे साहेब गुडघे धरून घरी बसले, म्हणून याला धाडलं होतं.

"नुसतं बोट तर लागलं..." तो पुटपुटला.

"बोटाला घाम असतो. घामाने चेंडू जड होतो. आता हा पुन्हा तोलायचा."

"तुम्ही असं ओरडल्यावर घाम फुटणारच ना!"

तिला हसू आलं. ते लपवायला ती तराजूवर वाकली. हातात मोजे होते म्हणून गालावरची बट मनगटानेच मागे सारली. त्याने ते पाहिलं... आणि त्याने पाहिलं, हे तिनेही पाहिलं.

मग दर आठवड्याला स्वारी वेळेच्या कितीतरी आधी हजर होऊ लागली. "रस्त्यात गर्दी नव्हती," तो म्हणे. "नसेलच," ती म्हणे, आणि दोन कप चहा मागवी.

एकदा असाच चहा घेताना तो खिडकीशी उभा होता. खाली तिकिटांसाठी रांग लागली होती. हमाल, झाडूवाल्या, रात्रपाळी संपवून आलेल्या नर्स...

"ज्यांना परवडत नाही, तेच सगळ्यात जास्त घेतात," तो म्हणाला.

"त्या पैशांतून शाळा चालतात, दवाखाने चालतात."

"म्हणजे गरिबाच्याच खिशातून गरिबाची शाळा!"

तिने कप खिडकीच्या कठड्यावर ठेवला. "असेल तसं. माझी आईही वर्षानुवर्षं तिकीट घ्यायची. आठवडाभर मनातल्या मनात घर बांधायची... सोडत निघाली की ते कोसळायचं, आणि दुसऱ्या दिवशी बाई पुन्हा पाया खणायला तयार! ते घर कुणी लबाडीने पाडू नये, एवढंच माझ्या हातात आहे."

तो तिच्याकडे बघतच राहिला. मग हळूच म्हणाला, "माझ्या काकांना पहिलं बक्षीस लागलं होतं. तेव्हापासून बाबा आणि ते एकमेकांचं तोंड बघत नाहीत. आयतं मिळालेल्या गोष्टीची मला भीतीच वाटते."

"आणि स्वतः मागितलेल्या गोष्टीची?"

त्याने चहाच्या कपात असं काही तोंड खुपसलं की विचारू नका!

पुढच्या सोडतीची गोष्ट. यंत्र सुरू करण्याआधी साक्षीदाराने कॅमेऱ्यासमोर एक वाक्य म्हणायचं असतं. आजवर तो ते घडाघडा म्हणायचा.

"या खोलीतल्या कुणाशीही माझा..." तो अडखळला. "माझा..."

"वैयक्तिक संबंध नाही," सोडतीच्या प्रमुख असलेल्या मोठ्या मॅडमनी आठवण करून दिली. "विसरलात का?"

"विसरलो नाही, मॅडम. पण ते आता खरं नाही."

त्याने कुणाकडेही पाहिलं नाही. पण त्याचे कान लालबुंद झाले, आणि अख्खी खोली वळून चेंडूवालीकडे बघू लागली.

"राखीव साक्षीदाराला बोलवा!" मॅडम कडाडल्या. मग तिच्याकडे वळल्या. "आणि तुझं काय गं? तुलाही बदलायचं का?"

तिने हातातले मोजे नीट ओढून घेतले.

"नको, मॅडम. ते एकदा बाहेर गेले, की या खोलीत माझं कुणी उरत नाही."

दाराशी पोचलेला तो जागच्या जागी थबकला... आणि मग गेला. तिने चेंडू सोडले, कळ दाबली. सोडत निघाली — चोख, नेहमीसारखी.

ती खाली आली तेव्हा तो रस्त्याच्या दिव्याखाली उभा होता. आता त्याच्या चेहऱ्यावर हसू होतं.

"साक्षीदारी गेली माझी," तो म्हणाला. "खोटं बोललो असतो, तर तुमच्या सोडतीला बट्टा लागला असता."

"आणि वर खोलीत मी 'हे माझे कुणी नाहीत' म्हटलं असतं तर?"

"तर साक्षीदारीही गेली असती आणि तुम्हीही. तरी ते वाक्य तोंडातून निघालं नसतं."

तिने पर्स खांद्यावर नीट केली, एक पाऊल जवळ आली.

"एक आधीच सांगून ठेवते. आम्हा लॉटरीवाल्यांच्या घरच्यांना तिकीट घ्यायची बंदी असते."

त्याला कळायला क्षणभर लागला. "म्हणजे... मलाही?"

"तुलाही," ती म्हणाली. "जन्मभर."