भीमाशंकरचा फेटा

मुडबीच्या बस स्टँडसमोर नागराजचा फोटो स्टुडिओ होता, आणि खरं सांगायचं तर त्याचं अर्धं पोट मेलेल्या माणसांवर चालायचं. घरातलं म्हातारं माणूस गेलं की मागच्यांच्या ध्यानात येतं, अरे, भिंतीवर लावायला फोटोच नाही! मग कुणी रेशन कार्डावरचा चिटुकला चेहरा आणतं, कुणी लग्नाच्या घोळक्यातलं एक मुंडकं दाखवतं, आणि नागराज त्यातून कोट-फेट्यातला ऐटदार माणूस उभा करून देतो. कोट एकच आणि फेटाही एकच, दोन्ही कॉम्प्युटरात तयार ठेवलेले. जन्मभर खांद्यावर घोंगडी टाकून मेंढरं वळलेले कितीतरी आप्पा आसपासच्या गावांत त्याच एका गुलाबी फेट्यात भिंतीवर बसलेत, आणि कुणाची काही तक्रार नाही.

काम मात्र चोख. हैदराबादेत शिकून आला होता गडी. मूळ फोटोला धक्का लावायचा नाही, हा त्याचा नेम. पारदर्शक कागद एकावर एक ठेवावेत तसा माणूस एका लेयरवर, कोट दुसऱ्यावर, फेटा तिसऱ्यावर. नको ते खोडायचं नाही, त्यावर मास्क घालायचा. मास्कवर काळा ब्रश फिरवला की वस्तू लपते, पांढरा फिरवला की परत दिसते. मी काही पुसत नाही, नुसतं झाकतो, असं तो फुशारकीनं सांगायचा.

गावातली निम्मी तरणी पोरं हैदराबादला बिल्डिंगांच्या कामावर गेली होती, ते दिवस. गुंडाप्पाचा भीमाशंकरही गेला होता. तिथं भिंत कोसळली. सोबतच्यांनी सांगितलं, तो खालीच होता. गुंडाप्पा पोचेपर्यंत ढिगाऱ्यातून निघालेल्या, ओळखू न येणाऱ्या माणसांना बेवारस म्हणून जाळूनही टाकलं होतं. जाणत्यांनी ठरवलं, मढं नाही तर नाही, अमावास्येला फोटोला हार घालायचा आणि सुनेच्या बांगड्या फोडायच्या.

गुंडाप्पा फोटो घेऊन आला तेव्हा सून अंबिका त्याच्या मागं दाराशीच उभी राहिली. दोन्ही मनगटं पदराखाली. बहिणीच्या लग्नातला फोटो होता. भीमाशंकर तुळतुळीत गालांनी हसत होता, डोकं उघडं.

नागराजनं त्याला घोळक्यातून वेगळा काढला, कोट चढवला, फेटा बसवला, फाईल जतन केली आणि घरी गेला.

सकाळी उघडली तर फेटा नाही. लेयर जागेवर होता, पण मास्क डांबरासारखा काळा. काल चुकून ब्रश फिरला असेल, दुसरं काय! त्यानं पांढरा फिरवला, फेटा आला. सीडी बिदरच्या लॅबकडं बसनं पाठवून दिली.

मोठी प्रिंट आली. कोट झकास, मागचा निळा पडदा झकास, आणि भीमाशंकर बोडक्या डोक्यानं हसतोय. नागराज लॅबवाल्यावर फोनवरून उखडला. तो बिचारा म्हणाला, सीडीत होतं तेच काढलं. सीडी लावून पाहिली. मास्क काळा.

व्हायरस असेल म्हणून त्यानं कॉम्प्युटर धुऊन पुसून काढला. नवी फाईल केली. दुसऱ्या एका मेलेल्या आप्पावर फेटा ठेवून पाहिला, तो दोन दिवस इमानानं बसून राहिला. भीमाशंकरच्या डोक्यावर मात्र सकाळपर्यंत टिकेना. रोज सकाळी काळा, रोज हा पांढरा करायचा. आता नागराजला स्टुडिओचं कुलूप काढताना भीती वाटायला लागली होती, आणि आपण शिकलेली माणसं, असं स्वतःला बजावूनही ती जाईना.

अमावास्या दुसऱ्या दिवसावर आली. गुंडाप्पा बाकड्यावर ठाण मांडून बसला, फोटो घेतल्याशिवाय उठणार नव्हता. नागराजनं नेम मोडायचं ठरवलं. सगळे लेयर दाबून एक करून टाकायचे. मग झाकणंही नाही आणि उघडणंही नाही.

त्यानं माऊस धरला. दाराशी उभी असलेली अंबिका पहिल्यांदाच आत आली आणि खुर्चीमागं उभी राहिली.

"अण्णा," ती म्हणाली, "ही दाढी तुमी लावलाव का?"

नागराजनं पाहिलं. सगळ्यात खालचा लेयर. कुलूप लावलेला, कधीच हात न लावलेला. गालांवर खुंट वाढले होते. डाव्या भुवईच्या वर टाके घातल्यासारखी एक ओळ होती.

टेबलावरचा कागदी फोटो त्यानं शेजारी धरला. त्यात गाल तुळतुळीत होते.

"न्हाई," तो म्हणाला.

"मंग ह्यो जिता हाय. मेलेल्याला दाढी येत न्हाई."

नागराजचा हात माऊसवरून आपोआप सुटला.

त्यानं गुंडाप्पाला थाप मारली. फाईल बिघडली, महिना लागेल. म्हातारा चिडला, कामून तोंड घालायलास मधी, असं अंबिकेलाच बोलला, पण फोटोच नाही तर हार कशाला घालणार! अमावास्या तशीच गेली.

आणि पंधरवड्याच्या आत भीमाशंकर बिदरच्या बसमधून उतरला. वाळलेला, दाढी वाढलेला, भुवईवर टाके. नाव-गाव सांगायची शुद्ध नव्हती म्हणून हैदराबादेत दवाखान्यात बेनाव पडून होता. बस स्टँडवर गुंडाप्पा पोराच्या गळ्यात पडून लहान लेकरासारखा रडला. अंबिका रडली नाही. तिनं सगळ्यांदेखत नवऱ्याचा हात धरला आणि घरापर्यंत सोडला नाही. नागराज स्टुडिओच्या पायरीवरून बघत होता. त्याच्या छातीवरचा धोंडा उतरला. त्यानं ती फाईल उडवून दिली, हॉटेलातून भजी मागवली आणि कित्येक दिवसांनी पोटभर खाल्लं.

आठवड्यानं नवरा-बायको पेढे घेऊन आले. अंबिकेच्या हातात कोपरापर्यंत हिरव्या बांगड्या. नागराजनं चहा सांगितला. गप्पा निघाल्या, हसणं झालं. दवाखान्यात काही आठवतं का, असं त्यानं सहज विचारलं.

भीमाशंकरनं कप खाली ठेवला.

"कायबी कळत नव्हतं बघ. पर डोस्क्यावर कुणीतरी कायतरी ठिवायचं. लई जड. ठिवलं की श्वास कोंडायचा. मंग कुणीतरी काढायचं. दुसऱ्या दिवशी परत ठिवायचं."

"कोण?"

"काढणारं दिसलं न्हाई. ठिवणाऱ्याचा हात तेवढा दिसायचा."

अंबिका म्हणाली, पेढा द्या की अण्णांना. नागराजनं हसून उजवा हात पुढं केला.

भीमाशंकर त्या हाताकडं बघत राहिला. मग त्यानं पेढा टेबलावर ठेवला आणि आपली खुर्ची मागं सरकवली.