हजेरीतला तिसरा शिपाई

हिरीला सिनेमाची हौस नव्हती हो. तिला नवरा बघायचा होता.

साल एकोणसत्तर, चैत्राचं ऊन. लोणावळ्याच्या थेटरात मशीन चालवणारा मकसूद हिरीच्या गावचाच, मळवलीचा. सकाळची गाडी धरायला धावता धावता त्यानं हिरीला हाक मारली, "मावशी, तो मिलिटरीचा सिनेमा परत लागलाय. तीनच्या खेळाला या. कान्हूकाका दिसतील!"

चौदा वर्षांमागं तो सिनेमा आपल्या इथंच, लोहगडावर काढला होता. छावणीत कर्नलचा खून होतो आणि शिपायांतला गद्दार कोण ते शोधायचं, अशी गोष्ट. शिपाई म्हणून उभी केली मावळची पोरं. सिनेमा कंपनीनं हजेरीच्या प्रसंगासाठी त्यांना नवी नावं पाठ करायला दिली, पण ऐन वेळी एकाला आठवेल तर शपथ! नाव पुकारलं की सगळे एकमेकांची तोंडं बघत बसायचे. शेवटी कंपनीच्या साहेबानं कपाळाला हात लावला आणि खऱ्याच नावांनी हजेरी घेतली.

रांगेत तिसरा हिरीचा नवरा कान्हू, चौथा त्याचा धाकटा भाऊ भिकाजी. शेवटच्या दिवशी संध्याकाळी घरी आला तो एकटा भिकाजी. "दादा गेला मुंबईला, कंपनीच्या गाडीतनं," म्हणाला. "ती रंग लावनारी बाई व्हती ना, तिच्या शेजारी बसून."

झालं! त्या एका वाक्यावर हिरीनं चौदा वर्षं काढली. कुंकू लावायची ते दातओठ खाऊन. नवऱ्याचं नाव बायकोनं घेऊ नये हा वाडीचा रिवाज. हिला तर ते ओठावर यावंसंही वाटत नव्हतं. थोरल्यानं तोंड काळं केलं तरी माझा दीर देवमाणूस, माझ्यापायी लग्नसुद्धा केलं नाही त्यानं, असं ती चारचौघींत सांगायची. तव्यावरची पहिली भाकरी त्याच्या ताटात पडायची.

सिनेमा पहिल्यांदा आला तेव्हा तिनं तो एकदाच पाहिला होता. नाव पुकारताच कान्हूनं छाती काढून "हाजिर!" म्हटलं होतं. तो आवाज तिला पुन्हा ऐकायचा होता. असा माणूस बायकोला टाकून जाणाऱ्यातला होता का, एवढंच तिला एकदा बघून घ्यायचं होतं.

भिकाजीनं टाळाटाळ केली. "वैनी, डोस्कं दुकतंय माजं."

"मग म्या एकटी जाते, भावजी."

एकटी बाई सिनेमाला गेली म्हणजे वाडीला महिनाभर चघळायला विषय. आला बिचारा मुकाट्यानं.

थेटर पत्र्याचं. दारं लावली तशी आत भट्टी झाली. बिड्यांचा धूर, घामाचा वास, शेंगांची टरफलं. बाकड्यांवर जेमतेम पंधरा माणसं. मध्यंतर झालं आणि थोड्या वेळानं हजेरी आली. मागं गडाचा तट, पुढं मिशाळ हवालदार, हातात वही.

"सिपाही शिदू!"

"हाजिर!"

"सिपाही गोविंदा!"

"हाजिर!"

"सिपाही कान्हू!"

काहीच नाही.

कान्हू रांगेत उभा होता. ओठ घट्ट मिटलेले. हवालदारानं वहीतून मान वर केली. "सिपाही कान्हू!"

मागून कुणीतरी शिट्टी मारली. "ए मकसूद, आवाज गेला!" पण आवाज कुठला जातोय! गडावरचा वारा तर ऐकू येत होता. आणि पाणी ठिबकत होतं कुठंतरी. टप... टप... त्या उकाड्यात शेवाळाचा गार वास पसरला. मग कान्हूनं सावकाश मान वळवली. पडद्यातून खाली, बाकांच्या तिसऱ्या रांगेकडं... हिरीकडं नाही. तिच्या शेजारी.

भिकाजीचे दात वाजत होते. "वैनी... चला हितनं..."

हिरी उठून उभी राहिली आणि जन्मात केलं नव्हतं ते तिनं केलं.

"कान्हू कुटं हाय?"

बायकोनं नवऱ्याचं नाव भर थेटरात घेतलं! भिकाजीला वाटलं, हिला सगळं कळलंय. त्याचा धीर सुटला.

"टाक्यात..." तो पुटपुटला. "गडावरच्या पान्याच्या टाक्यात, वैनी. सायबानं दादाचं तोंड क्यामेऱ्यात जवळनं घेतलं, माजं न्हाई... त्यावरनं भांडलो काठावर. त्येचा पाय घसरला. हात वर केला व्हता त्यानं... म्या दिला न्हाई."

चौदा वर्षं हिरीनं मेलेल्या माणसाला शिव्या घातल्या होत्या, आणि त्याला बुडू देणाऱ्याला ऊन भाकरी.

"माज्या हातचं खाल्लंस," ती म्हणाली. "रोज खाल्लंस रं. पोटभर."

मकसूदनं मशीन थांबवून दिवे लावले. भिकाजी उठून पळायला गेला, पण पळता येईना. त्याचा उजवा हात पुढं ताणलेला होता. सदऱ्याची बाही कोपरापर्यंत चिंब, आणि मनगटावर पाच बोटांचे पांढरे वळ.

"सोडाय सांगा त्याला... वैनी, पाया पडतो, सोडाय सांगा..."

समोर तर रिकामं बाकडं. हिरीनं पदरानं डोळे पुसले आणि त्या रिकाम्या जागेकडं बघून ती हळूच म्हणाली, "सोडू नगा. घरी चला."

पुढं गावानं टाकं उपसलं. गाळात मिलिटरीचा एक बूट सापडला. हाड एकही नाही. प्रेत नाही तर खटला कशाचा, म्हणून फौजदार आला तसा परत गेला. भिकाजी तिथून नऊ वर्षं जगला, त्याच घरात. त्याची उजवी बाही काही वाळली नाही. भर वैशाखात हिरी सकाळी सदरा पिळून वाळत घालायची आणि संध्याकाळी पुन्हा पिळायची. कसं करवत होतं तिला, देव जाणे.

एकदा शेजारची रतनबाई न राहवून बोलली, "हिरे, आता तर खरं कळलं ना? कुंकू पूस, त्याचं दिस घाल, मोकळी हो बाई."

भाकरी थापता थापता हिरीनं मान वर केली. "घरातच हाईत की ते," ती म्हणाली. "दिस कसं घालू?"