आतून लागलेली कडी

त्या रात्री सोफेवाला घराबाहेर पडला तो डायपर आणायला. हसू नका. लहान मुलाचे नव्हेत, म्हाताऱ्या माणसाचे. घरात आई होती त्याची. दुपारी पाकिटात हात घातला तर शेवटचा एकच निघाला, आणि संध्याकाळपर्यंत तोही गेला. असल्या वस्तू संपतात त्या नेमक्या दुकानं बंद व्हायच्या वेळेला.

जानेवारीतला शेवटचा गुरुवार. नऊ वाजून गेलेले. आत्ता आहे ना, त्याच्या दुप्पट थंडी. तो दिवा जरा बारीक करा रे, डोळ्यांवर येतोय. हं.

तुम्ही त्याला पाहिलेलं नसणार. कोपऱ्यावर आता मोबाइलचं दुकान झालंय तिथे खाली त्याचं दुकान होतं आणि वर घर. जुन्या सोफ्यांची कापडं बदलायची, खुर्च्यांत स्पंज भरायचा, हे त्याचं काम. दिवसभर तोंडात बारीक खिळे धरून हातोडी चालवायचा, त्यामुळे बोलणं कमीच. आणि बोललाच तर असं वाटायचं, की खिळे अजून तोंडातच आहेत. लग्न झालेलं नव्हतं. दोनदा ठरत आलं होतं. दोन्ही वेळा पलीकडून एकच प्रश्न आला, "आई कायम तुमच्याकडेच राहणार का?" आणि दोन्ही वेळा ह्याने एकच उत्तर दिलं.

आईचं डोकं हळूहळू रिकामं होत चाललं होतं. चष्मा फ्रीजमध्ये, कवळी तांदळाच्या डब्यात. एकदा तिने बाथरूमचा नळ सोडला आणि विसरली, ते पाणी खाली दुकानात उतरलं, थेट गिऱ्हाइकाच्या नुकत्याच पुऱ्या केलेल्या सोफ्यावर. हे सगळं तो चहाच्या टपरीवर हसत सांगायचा. लोकही हसायचे. एका गोष्टीवर मात्र त्याला कधी हसता आलं नाही. आई त्याला विसरली होती.

फक्त त्याला. थोरला मुलगा तिला लख्ख आठवायचा. त्याच्या हनुवटीवरची खूण, त्याला साय आवडत नाही, सगळं सगळं. थोरला होता दुसऱ्या शहरात, बायकोसह, मोठ्या कंपनीत. महिन्याकाठी एक फोन. सात वर्षांत पाय लावला नव्हता घराला. आणि जो रोज तिचं धूत होता, पुसत होता, घास भरवत होता, त्याला ती म्हणायची, "अहो, तुम्ही जेवलात का?" पोटच्या पोराला अहो! वर विचारायची, "थोरला तुमचा पगार वेळेवर देतो ना? नाही तर मला सांगा, मी बोलते त्याच्याशी."

"देतो," सोफेवाला म्हणायचा. काय सांगणार दुसरं?

रोज अंधार पडायला लागला, की ती खिडकीत बसायची आणि विचारायची, "आला का हो थोरला?"

त्या गुरुवारीही विचारून झालं होतं. तेवढ्यात फोन वाजला. सोफेवाला तिची चादर बदलत होता, एका हाताने तिला कुशीवर धरलेलं. मान वळवून पाहिलं तर पडद्यावर 'दादा'. मनात म्हणाला, वाजू दे. ह्याला काय, दोन मिनिटं गोड बोलायचं आणि फोन ठेवायचा. मग रात्रभर तिचं 'थोरला, थोरला' ऐकायचं ते मी. फोन वाजून वाजून थांबला. ह्यानेही उलट केला नाही.

नऊनंतर त्याने आईला निजवलं, पायांत लोकरीचे मोजे चढवले, गॅस खालून बंद केला, स्वयंपाकघरातला दिवा घालवला. एरवी शेजारच्या काकू येऊन बसायच्या, पण त्या नेमक्या लेकीकडे गेलेल्या. म्हणून त्याने दाराला बाहेरून कुलूप लावलं. तसं हे बरं दिसत नाही, पण करणार काय? "गेलो आणि आलो," असं बंद दाराला सांगून तो खाली उतरला.

कोपऱ्यावरचं औषधाचं दुकान बंद. पुढचं उघडं, पण त्यांच्याकडे ते माप नाही. मग थेट मोठ्या दवाखान्यासमोर. तिथे मिळालं पाकीट. परत निघाला तर स्कूटर चालू होईना. किक मारून मारून पोटरी भरून आली. शेवटी ढकलत निघाला. थंडीतही घाम फुटला होता, आणि डोक्यात एकच चाललं होतं. दादा तिकडे पांघरुणात असेल. आणि मी इकडे रस्त्यावर, काखेत हे पाकीट, आणि घरी गेल्यावर ती विचारणार, अहो, तुम्ही कोण?

गल्लीत वळला आणि सवयीने वर पाहिलं.

स्वयंपाकघरात दिवा होता.

आपणच विसरलो असू, असं त्याने स्वतःला सांगितलं. पण विसरला नव्हता. बटण बंद केल्याचं बोटांना आठवत होतं. आणि आईला आधाराशिवाय पलंगावरून उतरताही यायचं नाही.

स्कूटर लावली. जिन्याला लागला. कुलूप जसंच्या तसं. घराला दुसरा दरवाजा नाही, खिडक्यांना गज. तो किल्ली काढायला खिशात हात घालणार, तेवढ्यात आतून आवाज आला.

आई हसत होती.

पोरांनो, त्याने तिचं हसणं किती दिवसांत ऐकलं नव्हतं ते त्यालाच माहीत. तो तिथेच थबकला.

"नाही रे," आई म्हणाली, "आता नाही दुखत गुडघा."

मग शांतता. कुणीतरी काहीतरी विचारावं, तेवढी.

"जेवले ना. तो माणूस देतो करून."

पुन्हा शांतता.

दुसरा आवाज नव्हता. सोफेवाल्याने कान दाराला लावला. नव्हताच. पण आई थांबत होती. ऐकत होती. आणि मग उत्तर देत होती.

"तसा वाईट नाही तो. चिडतो फार..."

शांतता.

"हो... मारलं. एकदा."

सोफेवाल्याच्या हातातलं पाकीट खाली घसरलं.

खरं होतं ते. एका रात्री तिसऱ्यांदा चादर बदलल्यावर त्याचा हात उठला होता. गालावर. कुणाला ठाऊक नव्हतं. ती तर दुसऱ्या मिनिटाला विसरली असणार, असंच तो धरून चालला होता. जी पोटच्या पोराला विसरली, ती हे कुठून लक्षात ठेवणार?

आत बराच वेळ कुणी बोललं नाही. असा बराच वेळ, की त्याला स्वतःच्याच नाकातला वारा ऐकू यायला लागला. मग आई हळूच म्हणाली,

"नको रे. त्याला काही बोलू नकोस. त्याचंही कुणी नाही."

आता मात्र त्याला उभं राहवेना. किल्ली काढली.  कुलूप खटकन उघडलं.

आतलं सगळं थांबलं.

मग पावलं. पलंगापासून दारापर्यंत. सावकाश. आईची नव्हेत. आईची पावलं घसटत यायची. ही नीट पडत होती... एक... मग एक...

दाराशी थांबली.

आणि आतून वरची कडी लागली.

ती कडी कुणी वापरत नसे. रंग बसून घट्ट झालेली, आणि इतकी वर, की वाकलेल्या आईचा हात तिथवर जाणं शक्य नव्हतं. सोफेवाल्याने दार ढकललं. दार हललं नाही.

"आई," तो म्हणाला. "आई, दार उघड."

"कोण आहे?"

आवाज लांबून आला. पलंगावरून. म्हणजे दाराशी होतं ते...

त्याने खाली पाहिलं. दाराखालच्या फटीतून उजेडाची पट्टी येत होती. मधे दोन जागी ती तुटलेली. शेजारी शेजारी. पावलांएवढी.

"मी आहे, आई."

"मी कोण?"

"धाकटा."



"धाकटा कुठला? माझा थोरला आलाय. तो आहे घरात."

आणि खिशातला फोन वाजला. एवढ्या शांततेत तो केवढ्याने वाजला असेल! पडद्यावर वहिनी. वहिनीचा फोन त्याला कित्येक वर्षांत आला नव्हता.

"भावजी..."

"बोला."

"हे गेले."

 त्याने विचारलं, "कुठे?"

वहिनी रडायला लागली. मग त्याला समजलं.

"केव्हा?"

"अंधार पडता पडता. तुम्हाला फोन केला होता त्यांनी. तुम्ही उचलला नाहीत. सकाळपासून बेचैन होते. आईशी बोलायचंय, आईशी बोलायचंय. मग म्हणाले, जाऊनच येतो. मी म्हटलं, आत्ता? शर्ट बदलला, बूट घालायला वाकले... आणि उठलेच नाहीत."

त्याने फोन खाली केला. वहिनी अजून बोलत होती. त्याची नजर फटीवरून हलेना.

पावलं तिथेच होती.

"दादा," सोफेवाला म्हणाला.

काही नाही.

"आता आलास?"

काही नाही.

"मारलं मी. खरंय. एकदा मारलं."  "आणि तू? तू काय केलंस रे? फोन केलास."

आतून श्वाससुद्धा नाही. सोफेवाला कपाळ दाराला टेकवून उभा राहिला. बोलायचं होतं ते सात वर्षं साठलेलं होतं. सगळं तोंडाशी आलं आणि तिथेच अडलं. खाली पडलेलं पाकीट त्याने उचललं.

"दार उघड दादा," तो म्हणाला. "तिला बदलायचंय. ओल्यात निजली तर जखमा होतात तिला... तुला नाही माहीत."

उजेडाची पट्टी तशीच. दोन जागी तुटलेली.

मग वर काहीतरी करकरलं. कडी निघत होती. सावकाश. कुणाला तरी ती काढायची नसावी, तशी.

त्याने लगेच दार ढकललं नाही. पुन्हा खाली पाहिलं.

पट्टी सलग होती.

आत कुणी नव्हतं. स्वयंपाकघरातला दिवा जळत होता. आई भिंतीकडे तोंड करून गाढ झोपलेली. सोफेवाल्याने पलंगाखाली पाहिलं, कपाटामागे पाहिलं, बाथरूममध्ये पाहिलं. मग आईचं सगळं बदललं, पांघरूण नीट केलं आणि भिंतीला टेकून जमिनीवर बसला. उजाडेपर्यंत बसला. फोन हातातच होता. वहिनीला त्याने परत फोन केला नाही. भावाला पोचवायलाही गेला नाही. आईपाशी बसायला होतं कोण?

सकाळी तो चहाचा कप घेऊन आला. आई जागी होती. चेहरा कधी नव्हे तो निवांत.

"अहो," ती म्हणाली.

"काय?"

"थोरला येऊन गेला. म्हणाला, आता मी यायचा नाही, धाकट्याला हाक मार." ती जरा विचारात पडली. "कुठे असतो हो तो? येत का नाही?"

चहा हिंदकळून त्याच्या बोटांवर सांडला. भाजलं, पण कळलं नाही.

"बोला ना," ती म्हणाली. "आईला असं टाकतं का कुणी?"

"येईल," सोफेवाला म्हणाला.

पुढे ती होती तोवर रोज संध्याकाळी खिडकीत बसायची, ती धाकट्यासाठी. थोरल्याचा तिने पुन्हा विषयही काढला नाही. ती विचारायची, हा 'येईल' म्हणायचा आणि तिला घास भरवायचा. आपण कोण ते एकदोनदा सांगूनही पाहिलं त्याने. ती त्याच्याकडे पाहून कीव आल्यासारखी हसली. म्हणाली, "तुम्ही माणूस चांगले आहात हो. पण माझ्या पोराची सर तुम्हाला कशी येईल?"

हे सगळं त्याने एकदाच सांगितलं, ती गेल्यानंतर. दुकानाचं शटर ओढलेलं, आत आम्ही दोघंच. म्हटलं, अरे, दिवा तू विसरला असशील. कडी गारठ्याने आवळली असेल. बोलत तर ती एकटी नेहमीच असायची.  तो म्हणाला, त्या सकाळचं अजून एक राहिलंय.

चहा झाल्यावर तो तिचे पाय पुसायला बसला होता. हे रोजचं काम, पण जिवावरचं. तिच्या पायांच्या नखांना कुणी हात लावलेला तिला खपायचा नाही. नेलकटर दिसलं, की गल्ली गोळा होईल असं ओरडायची. दोन दवाखान्यांतल्या नर्सनी हात टेकले होते. नखं वाढून वाढून पिवळी पडली होती, बोटांवर वळली होती. आदल्या रात्री मोजे चढवताना त्यातलंच एक लोकरीत अडकलं होतं, आणि तिने त्याच्या हाताला बोचकारलं होतं.

त्याने मोजे काढले.

दहाही नखं कापलेली होती. नीट, गोल. कडासुद्धा घासलेल्या.

त्याने चादर झटकली. पलंगाखाली झाडलं. केराची बादली जमिनीवर उपडी केली. मोजे उलटे करून पाहिले.

नखाचा एक तुकडा घरात कुठे सापडला नाही.