एक ते चार बंद

पेंटरला मलमाची रिकामी नळी हवी होती. बायकोच्या गुडघ्याचं मलम अजून अर्धं शिल्लक होतं, पण पेंटरला कुठला धीर. त्याने मलम वाटीत पिळून काढलं, नळी उभी चिरली, पत्रा धुऊन सपाट केला आणि बारीक दातांच्या फणीवर ठेवून चमच्याच्या पाठीने घासला. बघता बघता पत्र्यावर शटरच्या पट्ट्या उमटल्या. अगदी खऱ्या, फक्त सत्त्याऐंशी पट लहान.

"आता गुडघ्याला काय, शटर चोळू?" बायकोने विचारलं.

"हे बघ तरी," पेंटर म्हणाला. तिने बघितलं आणि गप्प बसली. ती गप्प बसली म्हणजे काम झकास जमलं, हे त्याला चाळीस वर्षांच्या संसारात कळलं होतं.

गावातल्या हौशी मंडळींचा छोट्या आगगाड्यांचा क्लब होता. त्यांच्या रुळांशेजारी एक बाजारपेठ हवी होती आणि ते काम पेंटरने अंगावर घेतलं होतं. दुकानांची किटं विकत मिळतात. प्लास्टिकच्या भिंती, दारं, खिडक्या. कागदावर सांगितलंय तसं चिकटवलं की दुकान उभं. पण ते दुकान कुणाचंच नसतं, असं पेंटरचं म्हणणं. त्याने एका किटची खिडकी कापून दुसऱ्याला बसवली, पायऱ्या तासल्या, आत लावलेल्या इवल्या दिव्यांचा उजेड भिंतीतून झिरपू नये म्हणून आतून काळा रंग मारला, आणि नऊ दुकानांची आपली जुनी पेठ जेवणाच्या टेबलावर उभी केली. रस्ता रुंद करताना ती पेठ नऊ वर्षांपूर्वी पाडली होती. तिथली प्रत्येक पाटी पेंटरनेच रंगवलेली. आता तीच अक्षरं तो एका केसाच्या कुंचल्याने पुन्हा काढत होता, आणि तुम्हाला सांगतो, त्या कामात त्याचा हात धरणारं कुणी नव्हतं. हे तो स्वतःही सगळ्यांना सांगायचा.

शेवटचं दुकान धाकट्या भावाचं, सायकल दुरुस्तीचं. ते करताना मात्र पेंटर कुणाशी बोलला नाही.

त्याचं असं झालं होतं. पाडायच्या दुकानांवर लाल फुल्या काढायचं काम नगरपालिकेने पेंटरलाच दिलं होतं. दुसऱ्या कुणी वेड्यावाकड्या ओढल्या असत्या. पेंटरने पट्टी लावून, दोरी धरून, एकसारख्या नऊ फुल्या काढल्या. धाकट्याच्या दुकानावरही. धाकटा दारात उभा राहून बघत होता. "फुलीसुद्धा किती देखणी काढलीस रे, दादा," एवढंच तो म्हणाला. दुकान पडलं त्या दिवशी तो गाव सोडून गेला. नऊ वर्षांत पत्र नाही, फोन नाही. तो आहे की नाही, हेही पेंटरला ठाऊक नव्हतं, आणि शनिवारी क्लबचं प्रदर्शन पाहायला येणाऱ्यांत तो असेल, या एका आशेवर ही सगळी पेठ उभी होती.

मंगळवारी दुपारी दोघं ताटं मांडीवर घेऊन जेवत होती, कारण टेबलावर पेठ. बायकोचा घास हातातच राहिला.

"अहो, शटर कधी ओढलीत?"

पेंटरने मान वळवली. घड्याळजीचं, शिंप्याचं आणि फोटोवाल्याचं दुकान बंद होतं. शटर खालपर्यंत आलेली. त्याने चष्मा पुसला. ओढायला मुळात शटर नव्हतीच. पाटीखालून दिसतील एवढ्या दोन पट्ट्या कापून त्याने चिकटवल्या होत्या, आत गुंडाळी वगैरे काही नव्हती. आणि आता तीन दारांवर वरपासून पायरीपर्यंत पुरा पत्रा होता. मलमाचा बारीक वासही येत होता... भिंतीवरच्या घड्याळात एक वाजून दहा मिनिटं झाली होती.

चार वाजता तिन्ही दुकानं उघडी होती. दोन-दोन पट्ट्या, पहिल्यासारख्या.

बुधवारी तेच. एक ते चार. जुन्या पेठेची दुपारी दुकानं बंद ठेवायची वेळ तीच होती. दोघं भिंतीला पाठ लावून बसली होती.

"ही तीनच का?" पेंटर कुजबुजला. "बेकरीवाली उघडी... कापडवाला उघडा..."

बायको बराच वेळ दुकानं मोजत राहिली. मग अगदी हळू म्हणाली, "जी माणसं देवाघरी गेली, त्यांची बंद होतायत."

पेंटरच्या अंगावर सरसरून काटा आला. पण दुसऱ्याच क्षणी त्याची नजर टोकाच्या दुकानाकडे गेली. सायकलवाल्याचं दुकान सताड उघडं होतं. धाकटा जिवंत होता. पेंटर गुडघ्यांत तोंड घालून लहान पोरासारखा रडला. डोळे पुसून झाल्यावर मात्र त्याची छाती फुगली.

"काम चोख झालं, म्हणून आले," तो म्हणाला. "त्यांना आपलं दुकान ओळखू आलं."

"धन्य आहे तुमची," बायको म्हणाली. तिचे हात गार पडले होते.

गुरुवारी, शुक्रवारी एक वाजला की पेंटर श्वास रोखून टोकाकडे बघायचा. उघडं. मग त्याला जेवण जायचं.

शनिवारी पेठ क्लबच्या हॉलमध्ये मांडली. गाडी पेठेजवळून जाताना तिचा वेग मुद्दाम कमी केला जात होता, कारण लोकांना दुकानं बघायची होती. क्लबचा अध्यक्ष निवृत्त इंजिन ड्रायव्हर, सहसा कुणाचं कौतुक न करणारा. तोही म्हणाला, "पेंटर, इथे मी गाडी थांबवली असती." पेंटरला आकाश ठेंगणं झालं. पाऊण वाजता लोक जेवायला पांगले. बायको डबा आणायला घरी गेली. हॉलमध्ये पंख्याचा तेवढा आवाज उरला.

"दादा."

धाकटा पेठेच्या पलीकडे, गुडघ्यांवर हात टेकून वाकला होता. वाळला होता. सदरा तोच, ग्रीसच्या डागांचा. पेंटर पुढे सरकला आणि पेठेच्या कडेला हात टेकून उभा राहिला.

"पाटीवरचा 'ल' तसाच काढलास," धाकटा म्हणाला.

"माझंच अक्षर ते. चुकेल कसं?"

"फुली नाही काढलीस."

"नाही." पेंटर म्हणाला. "चुकलं रे माझं. तुझ्या दारावर तरी हात थरथरायला हवा होता..."

"देखणी होती पण," धाकटा हसला. त्यात राग नव्हता. तो एकेक दुकान न्याहाळत राहिला. "सगळं बरोबर आहे, दादा. एकच राहिलंय. माझ्या दारातलं तुझं स्टूल."

पेंटर चमकला. त्याला स्वतःचं दुकान कधीच नव्हतं. सगळ्या पाट्या त्याने धाकट्याच्या दारातल्या स्टुलावर बसून रंगवल्या होत्या. पेठेची वीट न् वीट त्याने आठवून केली, आणि आपण कुठे बसत होतो तेच विसरला.

"घरी चल. वहिनी डबा आणते आहे, आधी इथेच जेव..."

"चारला उघडतो ना," धाकटा म्हणाला. "ये." आणि तो दाराकडे गेला. त्याच्या पावलांचा आवाज पंख्याखाली ऐकू आला नाही.

पेंटर पेठेकडे वळला तेव्हा हॉलच्या घड्याळात एक वाजला. घड्याळजीचं शटर खाली होतं. शिंप्याचं. फोटोवाल्याचं. आणि टोकाचं, सायकलवाल्याचं.

बायको डबा घेऊन आली. त्याने नुसतं बोट दाखवलं. तिने मोजलं, पुन्हा मोजलं, आणि त्याचा हात घट्ट धरून शेजारी बसली. डबा कुणी उघडला नाही. तीन तास ती दोघं तशीच होती. गाड्या गेल्या, लोक आले, वाहवा करून गेले. "शटर काय हुबेहूब," असंही कुणी म्हणालं. पेंटरने सवयीने मान डोलावली.

चार वाजता सगळी दुकानं उघडी होती. टोकाच्या दुकानात उजेड होता, आणि दारात तांदळाच्या दाण्याएवढं, निळे शिंतोडे उडालेलं एक स्टूल होतं. पेंटर वाकला. डोळे भरले होते, तरी कारागिराच्या नजरेने तो खोट शोधत राहिला. खोट नव्हती. एक पाय आखूड, त्याखाली पत्र्याचा तुकडा सरकवलेला, तोसुद्धा होता. शेजारी निळ्या रंगाचा डबा, झाकण काढून बाजूला ठेवलेलं.

"हे कधी केलंत?" बायकोने विचारलं.

पेंटरने करंगळीचं टोक स्टुलाला अलगद लावून बघितलं. निळा रंग बोटाला लागला. तो अजून ओला होता.