शेजारचा ब्रेक

यातला एक शब्दही पदरचा नाही. घडलं तेव्हा रात्र नव्हती, पाऊस नव्हता, वीजही गेलेली नव्हती. मंगळवार होता, दुपारचे सव्वातीन, लख्ख ऊन. ज्यांना भूत अंधारातच लागतं, त्यांनी इथेच थांबावं.

ज्याच्या बाबतीत घडलं, तो गाडी शिकवायचा. सगळे त्याला मास्तर म्हणत. सव्वीस वर्षं एकच धंदा आणि सव्वीस वर्षं एकच मत: शिकायला येणारा माणूस म्हणजे दगड.

"पाय आहे की ओंडका?" हे त्याचं रोजचं वाक्य.

शिकवायच्या गाडीत शेजारच्या सीटपुढेही ब्रेक असतो. दोन्ही ब्रेक एका सळईने जोडलेले. इकडचा दाबला की तिकडचाही खाली जातो. ही सोय अडीअडचणीसाठी. मास्तर मात्र दर वळणावर, दर सिग्नलला, शिकणाऱ्याने पाय उचलायच्या आत स्वतःच दाबून मोकळा व्हायचा.

दगडाला पाझर फुटायची वाट कोण बघणार?

वाचनालयात काम करणाऱ्या एक बाई त्याच्याकडे शिकायला आल्या. वय बावन्न. चाळीस दिवस शिकल्या.

"मास्तर, आज एकदा तरी मला दाबू द्या ना."

"दाबा की. तुमचा पाय कोणी धरलाय?"

आणि बाईंचा पाय पोचेपर्यंत ब्रेक खाली गेलेला असायचा.

परीक्षेच्या दिवशीही मास्तरच शेजारी होता. तिथेही त्यानेच दाबला. बाई पास झाल्या.

त्यानंतर अकराव्या दिवशी त्यांची स्वतःची नवी गाडी उतारावरून थेट एका उभ्या ट्रकवर गेली. बाई जागीच गेल्या. रस्त्यावर टायर घासल्याची एकही खूण नव्हती.

मास्तरला हे कळलं तेव्हा तो चहा पीत होता. कपसुद्धा खाली ठेवला नाही त्याने.

"मी आधीच म्हटलं होतं. ओंडका."

त्यानंतरचा तो मंगळवार. मास्तर एकटाच गाडी घेऊन निघाला होता, चालकाच्या सीटवर. सिग्नल लाल झाला. त्याने पाय उचलला...

ब्रेक आधीच खाली जात होता.

शेजारची सीट रिकामी. तिच्यापुढचा ब्रेकही खाली.

पुढच्या चौकात पुन्हा तेच. त्याच्या पायाच्या अर्धा श्वास आधी...

त्याला भीती कमी वाटली, राग जास्त आला. त्याच्यासाठी ब्रेक दाबायची आजवर कोणाची हिंमत झाली नव्हती. त्याने तडक गॅरेज गाठलं.

"शेजारचं पेडल काढून टाक. सळईसकट."

गॅरेजवाला गाडीखाली शिरला आणि बाहेर आला. "सगळं ठणठणीत आहे, मास्तर. तुमचाच पाय पडत असेल. वय होतं माणसाचं."

"काढ म्हटलं तर काढ. तुझी अक्कल नाही मागितली."

त्याने काढलं. मास्तरने ती सळई घरी नेऊन माळ्यावर फेकली.

दुसऱ्या दिवशी, पहिल्याच सिग्नलला...

ब्रेक खाली गेला.

तीन आठवडे हेच चाललं. चौथ्या आठवड्यात मास्तरने पाय उचलणंच सोडून दिलं. कशाला उचलायचा?

मग एकदा तोच उतार लागला. खाली एक ट्रक उभा होता. मास्तर ब्रेक खाली जायची वाट बघत बसला...

गेला नाही.

त्याने पायाला सांगितलं, दाब. पाय जागचा हलेना. गुडघ्याखाली जणू काही नव्हतंच. शेवटी त्याने हँडब्रेक ओढला. गाडी आडवी झाली आणि ट्रकपासून वीतभर अंतरावर थांबली.

इंजिन बंद. सगळं शांत.

आणि मग पायाशी... ब्रेक सावकाश खाली गेला.

"अहो, वाचवलंच म्हणायचं त्या बाईंनी," घरी सगळं ऐकून मास्तरची बायको म्हणाली.

"वाचवायचं असतं तर आधी दाबला असता," मास्तर म्हणाला. "शिकवत होती मला."

तेव्हापासून मास्तर गाडी चालवत नाही. शेजारी बसून शिकवतो, हात हँडब्रेकवर.

आज सकाळी एक नर्स शिकत होती. सिग्नलला गाडी अलगद थांबली.

"मास्तर, पुन्हा तुम्हीच दाबलात ना?"

मास्तरने खाली पाहिलं. त्याचे दोन्ही पाय सीटवर, मांडी घालून दुमडलेले. पुढे नुसता पत्रा आणि बोल्टची चार भोकं.

"तुम्ही अजून तयार नाही," तो म्हणाला. "उद्याची परीक्षा पुढे ढकला."

"का? माझा पाय काय ओंडका आहे?"

मास्तर त्या चार भोकांकडे बघत राहिला.

"आणि उद्या शेजारी तुम्हीच असाल ना? मग काय काळजी?"

सिग्नल हिरवा झाला. मागून हॉर्न वाजू लागले. तिने ॲक्सिलरेटर दाबला, आणखी दाबला...

हँडब्रेक सोडलेला होता, तरी गाडी जागची हलली नाही; तिच्या पायाशी ब्रेक तळापर्यंत दाबलेला होता.

तिची परीक्षा उद्या सकाळी साडेनऊला आहे.