ड्रायव्हरबाईंचा उजवा पाय

मंगळवारी आणि शुक्रवारी, दुपारी तीनच्या ठोक्याला ड्रायव्हरबाई इस्पितळाच्या तळघरात जायच्या, व्यायामाला. जायच्या म्हणजे लिफ्टने. जिन्याला अकरा पायऱ्या होत्या आणि त्या अकराच्या अकरा बाईंच्या वैरिणी होत्या. शहर-बसच्या डेपोत साठ चालक, त्यांत ही एकटी बाई. अकरा वर्षं मोठी गाडी चालवली, आणि एके दिवशी रिकाम्या, उभ्या गाडीतून उतरताना पाऊल पायरीवर अडकलं, अंग वळलं आणि गुडघ्याच्या आत टप्पकन काहीतरी तुटलं. चालत्या गाडीला कधी ओरखडा नाही आणि उभ्या गाडीने घात केला, म्हणून डेपोतली मंडळी हसली. बाईही हसल्या. सांधा बांधून ठेवणारं लिगामेंट नावाचं काही असतं, हे तोवर कोणालाच ठाऊक नव्हतं.

पहिल्या ऑपरेशनला सर्जननी बाईंच्याच मांडीच्या मागची एक कंडरा, म्हणजे स्नायूची दोरी, काढून गुडघ्यात बसवली होती. आठ महिन्यांत तीही तुटली. बाईंना धीर नव्हता, लवकर कामावर गेल्या, हे खरं. दुसऱ्या खेपेला सर्जन म्हणाले, "या वेळी बाहेरची घालू. मेलेल्या माणसाची. लोक दान करतात, ती आम्ही गोठवून ठेवतो. हाडांत दोन बोगदे पाडायचे, त्यातून ही दोरी ओवायची, स्क्रूने आवळायची. सुरुवातीला ती निर्जीवच असते. मग तुमच्या पेशी हळूहळू आत शिरतात, तिथे राहायला लागतात. वर्ष-दीड वर्षात तुमची होते."

"आणि तोवर कोणाची?" बाईंनी विचारलं होतं.

सर्जनना हा विनोद फार आवडला. कोणाची, ते सांगायचा नियम नव्हता.

ऑपरेशन झकास झालं. टाके वाळले, सूज उतरली. फक्त पाय ऐकेना. तळघरातल्या व्यायामाच्या मुलीला सगळे 'मोजपट्टी' म्हणत, कारण ती येईल त्याचा सांधा मोजायची. ती दर खेपेला सांगायची, "ताई, मांडी आवळा. गुडघ्याची वाटी वर ओढा. आता टाच उचला." बाई दात-ओठ खाऊन मांडीकडे बघायच्या. मांडी ढिम्म. हुकूम कमरेपर्यंत पोहोचायचा आणि तिथेच विरून जायचा. मोजपट्टी म्हणायची, "होतं असं ऑपरेशननंतर. मेंदू विसरतो. आठवेल."

आठवडे गेले, आठवलं काही नाही. डेपोची चाचणी मात्र जवळ येत होती. पास झाल्या तर पुन्हा गाडी, नाही तर कायमचं चौकशीच्या खिडकीत बसायचं. नवऱ्याजवळ बाई स्पष्ट म्हणाल्या होत्या, "त्या खिडकीत बसून मी सडून मरेन. मला गाडीच पाहिजे." त्यांना दुसरं काही येत नव्हतं आणि दुसरं काही नकोच होतं.

तळघरात खिडकी नव्हती. सांधे शेकायच्या गरम मेणाचा आणि स्पिरिटचा वास, एक मिणमिणती ट्यूब, आणि भिंतीवरच्या कप्पीचं किर्र... किर्र. त्या कप्पीची दोरी ओढत एक साठीतल्या बाई बसायच्या. त्यांचा खांदा धरला होता. सगळे त्यांना खांद्यावाल्या मावशी म्हणत. मावशी कोणाशी बोलत नसत, पण आपल्या आखडलेल्या हाताशी बोलायच्या. त्या शुक्रवारी हात अगदीच वर जाईना, तेव्हा त्या हळूच म्हणाल्या, "ऊठ रे राजा. चल, ऊठ."

आणि शेजारच्या खाटेवर ड्रायव्हरबाईंचा उजवा पाय उठला.

गुडघा सरळ, टाच खाटेपासून वीतभर वर. मांडी दगडासारखी घट्ट. बाईंनी काही केलं नव्हतं. त्या छताकडे बघत पडल्या होत्या. मोजपट्टीने टाळ्या पिटल्या. "आठवलं! बघा, मी म्हणत होते ना?"

कप्पीचा आवाज थांबला होता. मावशी पायाकडे बघत होत्या. जरा वेळाने त्या उठून जवळ आल्या, इकडेतिकडे पाहिलं आणि अगदी दबक्या आवाजात म्हणाल्या, "खाली ठेव हं आता."

पाय खाली गेला.

मोजपट्टी बर्फ आणायला वर गेली, तेव्हा दोघीच होत्या. बाईंच्या तोंडचं पाणी पळालं होतं. मावशी खाटेच्या कडेला टेकल्या.

"माझा मुलगा गेला, दोन वर्षं होतील," त्या म्हणाल्या. "मोटरसायकलवरून... डॉक्टरांनी विचारलं, मी म्हटलं घ्या. डोळे घ्या, कातडी घ्या, काय उपयोगी पडेल ते घ्या. झोपेचा पक्का होता हो. रोज सकाळी मी त्याला असंच..."

ड्रायव्हरबाईंना भीती वाटत होती आणि मावशींची दयाही येत होती. पण खरं सांगायचं तर दोन्हींच्या वर एक तिसरीच गोष्ट होती. पाय उचलला गेला होता. चाचणीला सात आठवडे होते.

"मावशी," त्या म्हणाल्या, "माझ्या फोनमध्ये एकदा बोलून ठेवाल का? तेच. म्हणजे मला घरी व्यायाम करता येईल."

इथे बाई चुकल्या. पण त्यांच्या जागी तुम्ही-आम्ही काय केलं असतं, देव जाणे.

मावशी बोलल्या. फोन तोंडाशी धरून, लाजत, दहा वेळा. "ऊठ रे राजा. चल, ऊठ." बदल्यात त्यांनी एवढंच मागितलं की गुडघ्याला एकदा हात लावू दे. हात लावला, डोळे मिटले आणि म्हणाल्या, "गार पडलाय गं."

मग घरी रोज फोनमधला तो आवाज लागायचा आणि पाय उठायचा. दहा वेळा, वीस वेळा, पन्नास वेळा. नवरा घरच्या घरी पंख्यांच्या मोटारी दुरुस्त करायचा. तारा गुंडाळता गुंडाळता तो ऐकायचा. एकदा म्हणाला, "अगं, या बाईचा आवाज बंद कर आणि तू स्वतः उचलून बघ ना."

बाईंनी बघितलं. पाय हलला नाही. पण मांडी भरत होती. टेप लावून मोजपट्टी दर आठवड्याला आकडा सांगायची आणि बाईंचा जीव भांड्यात पडायचा. आपण पाय कमावतोय असं त्यांना वाटत होतं. कोणासाठी, हा प्रश्न त्यांनी मनातही येऊ दिला नाही.

मावशींचा खांदा मोकळा झाला, तरी त्या येत राहिल्या. कोपऱ्यात बसायच्या, पायाकडे बघायच्या. चाचणीच्या आदल्या आठवड्यात, मोजपट्टी दाराबाहेर कोणाशी बोलत असताना, त्या पुढे वाकल्या.

"घरी येतोस का रे?" त्यांनी विचारलं. "चल... घरी चल."

पाय खाटेवरून खाली उतरला. बाई त्याच्या मागोमाग फरफटत उभ्या राहिल्या. एक पाऊल पडलं. दुसरं पडलं. डावा पाय कसाबसा सोबत ओढावा लागत होता. बाईंनी खाटेचा गज दोन्ही हातांनी पकडला आणि त्या कुजबुजल्या, "मावशी... मावशी, बास. पाया पडते तुमच्या."

मावशींनी तोंडाला पदर लावला. "थांब रे," त्या म्हणाल्या. "थांब. चुकलं माझं." आणि त्या जवळजवळ पळतच बाहेर गेल्या.

पुढच्या मंगळवारी त्या आल्या नाहीत. मोजपट्टीनेच सांगितलं, "गेल्या त्या, ताई. रविवारी. घरात खुर्चीवर बसल्या बसल्या. शेजारी म्हणत होते, दार सताड उघडं ठेवून बसलेल्या होत्या. कोणाची तरी वाट बघत असाव्यात."

त्या संध्याकाळी बाईंनी फोनमधला आवाज लावला. "ऊठ रे राजा. चल, ऊठ." पाय पडून राहिला. दहाही वेळा पडून राहिला. बाईंनी तो आवाज पुसून टाकला, खूप रडल्या, आणि रडून झाल्यावर सहज, आपल्या मनाने टाच उचलली. ती उचलली गेली! त्यांनी नवऱ्याला हाक मारली. पुन्हा उचलून दाखवली. सुटलो, असं दोघांनाही वाटलं.

गुरुवारी डेपोच्या आवारात चाचणी झाली. रिकामी गाडी, शेजारी वयस्क प्रशिक्षक. बाईंनी गाडी अशी काढली की म्हाताऱ्याने मान डोलावली. तो शिट्टी वाजवेल तेव्हा ब्रेक दाबायचा. पहिली शिट्टी, गाडी जागच्या जागी. दुसरी शिट्टी, तसंच. तिसऱ्या शिट्टीला बाईंचं पाऊल ब्रेकवर गेलं, टेकलं, आणि उचललं गेलं. बाई मांडीवर दोन्ही मुठींनी बुक्क्या मारत होत्या. पाय ब्रेक सोडून बाजूला वळला, दाराकडे, उतरायच्या पायरीकडे. हँडब्रेक प्रशिक्षकाने ओढला, पण तोवर गाडी धुण्याच्या जागेच्या भिंतीत घुसली होती. कोणाला लागलं नाही. माणसं बसलेली असती तर, हा विचार मात्र बाईंच्या डोक्यातून गेला नाही. किल्ली त्यांनी स्वतःच काढून म्हाताऱ्याच्या हातात दिली.

"पुन्हा एकदा बघू या, बाई. घाबरलात तुम्ही," तो म्हणाला.

"नाही," बाई म्हणाल्या. "आता नाही. कधीच नाही."

सर्जननी स्कॅन काढला. दोरी छान बसली होती. इतक्या लवकर इतकी जिवंत झालेली दोरी आपण पाहिली नाही, असं ते कौतुकाने म्हणाले. बाईंनी ती काढून टाका म्हणून हात जोडले, तेव्हा त्यांनी नवऱ्याला बाजूला घेऊन मनाच्या डॉक्टरांचा पत्ता दिला.

आता पाय रोज उठतो. दुपारी, जेवणं झाल्यावर. घरात आवाज नसतो. असला तरी बाईंना ऐकू येत नाही. पायाला येतो. आधी तो नुसता उठून खाली बसायचा. मग उभा राहायला लागला. मग दाराकडे एक पाऊल, दुसऱ्या दिवशी दोन. बाईंनी खिडकीतली नोकरीही घेतली नाही. रस्त्यावर कुठे जाईल, कोणासमोर जाईल, सांगता येत नाही. नवरा दाराला आतून कडी लावून बसतो.

काल पाय उंबऱ्यापर्यंत गेला. म्हणून आज नवऱ्याने हातातली मोटार बाजूला ठेवली, बाईंना खुर्चीवर बसवलं, आणि स्वतः जमिनीवर बसून त्यांचा उजवा पाय छातीशी घट्ट कवटाळला.

"अहो, लागेल तुम्हाला."

"लागू दे. धरलाय मी. बघतो कुठे जातो ते."

पाय ताठ झाला. नवऱ्याच्या कपाळावर घाम आला, पण त्याने सोडलं नाही. बराच वेळ झोंबाझोंबी चालली. मग मांडी हळूहळू सैल पडली. पाय त्याच्या मिठीत एखाद्या दमलेल्या मुलासारखा निपचित झाला. नवऱ्याने मान वर केली. कितीतरी महिन्यांनी तो हसला.

"बघितलंस? थांबला. अगं... बघ ना."

बाई बघत नव्हत्या. त्या दुसरीकडे बघत होत्या. त्यांचा डावा पाय, ज्याला कधी सुरी लागली नव्हती, ज्यात जन्मापासून सगळं त्यांचं स्वतःचं होतं, तो जमिनीपासून वीतभर उचलला गेला होता. गुडघा सरळ. बोटं दाराकडे.